देवाला सांगायचा पत्ता

आमच्या ह्यांना जेद्दातले लोक गमतीनं ‘मंदूब’ म्हणायचे. कंपनीतर्फे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून बाकीच्यांचे कागद करून आणणारा जो माणूस असतो, तो मंदूब. जगदीश मुणगेकर काही खरे मंदूब नव्हते. ते बंदरावर थंड कंटेनरांच्या देखभालीवर सुपरवायझर होते. कोळंबी आणि चिकन वितळू द्यायचं नाही, एवढी त्यांची नोकरी. पण कुणाच्या बायकोचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, अडला, कुणाच्या मुलाचं पासपोर्टवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळेना, कुणाची सासू व्हिजिट व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा जास्त मुक्काम ठोकून बसली, की सगळे अझीझियातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर हजर. हे चष्मा कपाळावर चढवून त्यांचा मोबाइल हातात घेणार, ओठ हलवत वाचणार आणि म्हणणार, “होतंय. चहा घ्या तोवर.” चहा अर्थात मी करायचा.

दुसऱ्याच्या कामात वाघ आणि घरच्या कामात मांजर, असा हा माणूस. त्यातही वाईट बातमी सांगायची म्हटली की संपलंच. माझे वडील गेले तेव्हा मला म्हणाले, “अनू, बॅग भर, चिपळूणला जाऊन येऊ.” का, तर म्हणे तिकीट स्वस्त मिळालंय. मुंबईच्या विमानतळावर भावाचा चेहरा बघितला तेव्हा मला कळलं. तिथंच मी ह्यांना काय काय बोलले ते विचारू नका. हे निमूट ऐकून घेत होते आणि माझी बॅग घट्ट धरून उभे होते. तोंडून शब्द फुटत नाही म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

घरात हे माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतात, कारण मी चिपळूणची आणि शाळामास्तरांची मुलगी. मालवणी बोलतात ती दोघांशीच. एक गावचे मोठे दादा, आणि दुसरा देव.

चोवीस वर्षं आम्ही जेद्दात राहिलो, पण ह्यांच्या लेखी आम्ही तिथले ‘चार दिवसांचे पाहुणे’. खिडक्यांना पडदे म्हणून मी चादरी शिवल्या, कारण चांगले पडदे कुडाळच्या घराला घ्यायचे होते. जेवणाचं टेबल मल्याळी शेजाऱ्यांनी जाताना दिलेलं. कुडाळला मात्र सागवानी दारं, झोपाळ्याला पितळी कड्या, आणि एक खोली स्मृतीची, गुलाबी रंगाची. त्या खोलीत आमची लेक आजवर मोजून तीन उन्हाळे झोपली असेल, तेही डास चावतात म्हणून रडत. आखाती देशांत राहणारे आम्ही सगळे असेच. जगायचं एकीकडे आणि घर बांधायचं दुसरीकडे.

स्मृती मात्र पाहुणी नव्हती. ती जन्मली जेद्दात, शिकली जेद्दात. गुरुवारी संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे तिथल्या चौपाटीवर, चटई टाकून समुद्रात पाय सोडून बसायचं, मासळीबाजारातून बाबांनी आणलेल्या नाजिल माशाचं कालवण खायचं, वरच्या मजल्यावरच्या हैदराबादी जुबेदा आपांकडे जाऊन खुशाल त्यांचा फ्रिज उघडायचा. बारावीनंतर तिला तैवानमध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ती चिप बनवायचं शास्त्र शिकायला शिंचू नावाच्या गावी गेली. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात प्रोजेक्ट लागला, घरी यायला मिळालं नाही. तेव्हापासून प्रत्येक फोनवर एकच पालुपद: “जानेवारीत सेमिस्टर संपलं की मी घरी. बाबा, माझ्या व्हिसाचं बघताय ना?”

“होतंय,” हे म्हणायचे.

होत नव्हतं. परदेशात शिकणाऱ्या मुलीला सौदीत परत येता यावं म्हणून तिचा परतीचा व्हिसा बापानं मुदतीआधी वाढवावा लागतो, आणि त्यासाठी बापाचा स्वतःचा इकामा चालू असावा लागतो. ह्यांचा इकामा संपत आला तरी कंपनी नूतनीकरण करीना. खरा मंदूब रोज म्हणायचा, “बुकरा, इन्शाल्ला.” उद्या, देवाची मर्जी असेल तर. त्या उद्यात स्मृतीच्या व्हिसाची मुदत उलटून गेली, आणि तिला हे फोनवर ‘होतंय’च म्हणत राहिले. अर्ध्या जेद्दाचे व्हिसे सोडवणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचा व्हिसा सांभाळता आला नाही. हे सोफ्यावर बसून मोबाइलच्या पडद्यावर अंगठा फिरवत राहिले, जणू पुन्हा पुन्हा बघितल्यानं तो जिवंत होणार होता.

मग इकामा झाला, पण थोडक्या मुदतीचा. आम्ही तैवानची तिकिटं काढली; मुलगी येऊ शकत नाही तर आपण जाऊ. आणि तिकिटं काढल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कंपनीनं ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. बंदरावरचं कंत्राट संपलं. नोव्हेंबर अखेर हिशेब, मग खुरूज निहाई. म्हणजे कायमचं निघायचं, परत येण्याच्या व्हिसाशिवाय. खलास.

त्या संध्याकाळी मी भात कुकरला लावायचा विसरले आणि ह्यांनी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, “स्मृतीला फोनवर सांगू नकोस. तैवानला गेल्यावर मी समोर बसून सांगतो.”

“तुम्ही?” मी म्हटलं.

“मी. बाप आहे मी तिचा.”

मला हसू आलं असतं, पण आलं नाही.

तायपेला उतरलो ऑक्टोबरात. विमानतळाबाहेर पडताच मी सवयीनं खांद्यावरचा अबाया सावरायला हात नेला आणि तिथं नुसता कुर्ता. स्मृती धावत आली. केस कापलेले, गालावर पुटकुळ्या, आणि मिठी इतकी घट्ट की माझा चष्मा वाकडा झाला. “आई, तुझ्या अंगाला घराचा वास येतोय,” ती म्हणाली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बॅगा मोजत होते.

पहिल्या दिवसापासून आमची वरात निघाली. ह्यांची एक अडचण अशी झाली की चोवीस वर्षं डुकराच्या मांसाची काळजी सौदी सरकार घेत होतं. ह्यांना फक्त गाय-बैल टाळायचा होता. तैवानमध्ये दोन्ही, आणि तेही प्रत्येक रश्शात. म्हणून हा मूळ मुणगे गावचा हिंदू माणूस, कपाळाला देवीचा अंगारा लावणारा, तायपेच्या रस्त्यावर ‘हलाल’ लिहिलेली पाटी शोधत फिरायला लागला. एका दुकानावर ती हिरवी अक्षरं दिसली तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखा ह्यांचा चेहरा उजळला. आत जाऊन बघतो तर बीफ नूडल्स. स्मृती खुर्चीवर वाकून वाकून हसत होती. “बाबा, यू आर सो सौदी!”

“मी कसला सौदी? मी कुडाळचा,” हे म्हणाले.

“ओके, पण मी आहे,” ती म्हणाली आणि शेवटी आमच्यासाठी भाज्यांच्या नूडल्स शोधून काढल्या.

संध्याकाळच्या बाजारात मात्र ह्यांना सूर सापडला. तिथं एक बाई मोठ्या तव्यावर कालवं टाकून त्यावर पिठाचं पातळ मिश्रण, अंडं आणि पालेभाजी ओतून ऑम्लेट करत होती. कालवं! आमच्या खाडीतली असतात तशीच, टपोरी. ह्यांनी एक खाल्लं, दुसरं मागवलं, तिसऱ्याच्या वेळी त्या बाईनं स्वतःहून कालवं जास्त टाकली. शेजारच्या गाडीवर पातीचा कांदा घातलेली पोळी, आणि पुढं तो प्रसिद्ध वासाचा टोफू, ज्याच्या वासानं माणसं नाक धरून रस्ता ओलांडतात. हे म्हणाले, “सुकटीच्या वासात वाढलोय आपण, ह्याला काय वास म्हणायचं?” आणि खाल्लासुद्धा. मी नाही. संसारात एकानं शहाणं राहावं लागतं.

मध्येच हे घड्याळ बघून म्हणाले, “आटपा, सलाह होईल, दुकानं बंद होतील.” जेद्दातसुद्धा आता नमाजाच्या वेळी दुकानं पूर्वीसारखी बंद होत नाहीत, पण अंगात मुरलेलं जातं कुठं? स्मृती थबकली. “बाबा, परत म्हणा ना ते.” “काय?” “सलाह होईल, आटपा. किती दिवसांनी ऐकलं.” तिचे डोळे भरले होते. ह्यांनी घाईघाईनं चौथं ऑम्लेट मागवलं.

त्या वेळी सांगता आलं असतं. मी टेबलाखालून पायानं ढोसलं. ह्यांनी पाय मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी शिंचूला तिच्या होस्टेलवर गेलो. खोलीत एका भिंतीवर जेद्दा: बलद या जुन्या पेठेतल्या घरांच्या कोरीव लाकडी खिडक्या, कॉर्निश, जुबेदा आपांचा स्वयंपाकघरातला फोटो, आणि आमची गॅलरी, तिच्यात दोरीवर ह्यांचा कामावरचा निळा डगला. कुडाळचा एकही फोटो नव्हता. तिची खोलीतली मैत्रीण, तैवानी मुलगी, वाकून नमस्कार करत म्हणाली, “फ्रॉम सौदी?” “इंडिया,” हे म्हणाले. “सौदी,” स्मृती म्हणाली. दोघांनी एकदमच. ती मुलगी गोंधळून दोघांकडे बघत राहिली.

तिथं हे बोलणार होते. खुर्ची ओढून बसलेही. “स्मृती, हे बघ बाळा, जानेवारीचं...” एवढं म्हणाले आणि ती म्हणाली, “हो, मी लिस्टच केलीय!” पहिल्या दिवशी फक्त झोपायचं, स्वतःच्या पलंगावर. दुसऱ्या दिवशी मासळीबाजार. शुक्रवारी आपांची बिर्याणी. बलदमध्ये लाकडी खिडक्यांची चित्रं काढायची. ती बोलत होती आणि हे मान हलवत होते, हो, हो, करत होते. नंतर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

बाहेर येऊन मी चिडले. “अहो, खोटं का बोलताय? हो हो काय?”

“‘हो’ नाही म्हटलं मी. नुसती मान हलवली.”

“मग मीच सांगते.”

“नको.” ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत हात धरणारा हा माणूस नव्हे. “अनू, नको. मी सांगणार आहे. कसं सांगायचं तेवढं सापडू दे मला.”

मला तरी ते कुठं सापडलं होतं?

चिऊफन नावाच्या डोंगरावरच्या गावात गेलो. लाल आकाशकंदिलांच्या माळा, जिन्याच्या बोळांत दुकानं, खाली समुद्र. तिथं अळकुड्यांचे गोड गोळे मिळतात, सरबतात घालून. अळकुड्यांचं गोड! सासूबाई असत्या तर कपाळाला हात लावला असता. पापडासारख्या पातळ पोळीत शेंगदाण्याची चिक्की किसून, वर आइसक्रीम आणि त्यावर, हो, कोथिंबीर. मी तीन खाल्ल्या. एका चहाच्या दुकानात समुद्राकडे तोंड करून बसलो. चहा ओतणारी मुलगी इवल्या इवल्या कपांत सारखा ओतत होती. हे कप रिकामा करत होते आणि ती भरत होती. शेवटी दोन किटल्या झाल्या. बोलणं काही झालं नाही. येताना बसमधून ह्यांना दोनदा उतरावं लागलं.

असे दिवस गेले. मला त्या सहलीतलं सगळं आवडलं आणि काहीच गोड लागलं नाही, हे कुणाला सांगून पटणार? फोटोत आम्ही तिघं हसतोय. प्रत्येक फोटोत ह्यांचा एक हात स्मृतीच्या खांद्यावर आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी स्मृती म्हणाली, “आज टेम्पल. बाबा, तुम्हाला आवडेल, इथं पण कौल लावतात.”

“कौल?” ह्यांचे कान टवकारले. कोकणातल्या माणसाला कौल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ह्यांच्या घरात लग्न, विहीर, नोकरी, सगळं कौल लावून. जेद्दाला जायचं तेसुद्धा.

लोंगशानचं ते देऊळ मोठं, जुनं, छपरावर रंगीत ड्रॅगन, आत फुलांची ताटं आणि फळांचे ढीग. एका गाभाऱ्यात समुद्राची देवी, माझू. तिच्यापुढे चंद्रकोरीच्या आकाराच्या लाल लाकडी फोडी ठेवलेल्या, एक बाजू सपाट, एक फुगीर. माणसं गुडघ्यावर बसून पुटपुटत होती आणि दोन फोडी जमिनीवर टाकत होती. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर, तर देवी हसतेय, पुन्हा विचारा.

“पण आधी देवीला सांगायचं कोण विचारतंय,” स्मृती म्हणाली. “नाव, बर्थडेट आणि पत्ता. नाहीतर तिला कसं कळणार?”

तिनं बूट सरळ केले, गुडघ्यावर बसली, फोडी दोन्ही तळव्यांत धरल्या. “स्मृती जगदीश मुणगेकर.” जन्मतारीख. मग पत्ता. पूर्ण पत्ता, लहान मूल शाळेत पाठ म्हणतं तसा: तिसरा मजला, बेकरीच्या मागची बिल्डिंग, अझीझिया, जेद्दा. “माझूदेवी, मी जानेवारीत घरी जाणार ना?” फोडी टाकल्या. एक सपाट, एक फुगीर.

“येस!” ती टाळी वाजवून उठली. “बघा बाबा, होकार! आता तुम्ही.”

ह्यांच्या हातात फोडी आल्या. हे गुडघ्यावर बसले. टक्कल पडलेलं डोकं खाली. “जगदीश बाळकृष्ण मुणगेकर.” जन्मतारीख सांगितली. आणि थांबले.

मागं माणसं वाट बघत होती. एक म्हातारी फुलांची परडी घेऊन उभी होती.

“बाबा, पत्ता,” स्मृती म्हणाली.

ह्यांनी तोंड उघडलं. जेद्दा म्हणता येईना. देवीपुढं खोटं कसं बोलणार? कुडाळही म्हणता येईना; तिथं अजून गॅसची शेगडीही नव्हती. आणि मग जे झालं ते आमच्याच माणसांकडून होऊ शकतं. कोकणात देवाला मनातल्या मनात काही सांगत नाहीत. गाऱ्हाणं घालायचं ते मोठ्यानं, उभ्या गावानं ऐकावं असं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. माणूस देवापुढं अडला की त्याला तेवढंच येतं. हे उठून उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले:

“बा देवी म्हाराजा!”

देवळातली अर्धी माणसं वळली.

“आज ही तुझी लेकरां परमुलखात तुझ्या दारात उभी आसत. तुका माझी भाषा येता की नाय माका ठावक नाय, तरी गाऱ्हाणा आयक म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. पंचवीस वर्षांची सवय. ह्यांच्या गावच्या देवळात जत्रेला उभी राहून मी ते कितीदा म्हटलंय. तोंडातून गेलं ते गेलं.

“चोवीस वर्सां त्या जेद्दात रवलंय. आता कंपनीन सांगल्यान, पुरे. नोव्हेंबर सरता सरता आमका थयसून निघूक व्हया.”

“व्हय म्हाराजा,” मी पुन्हा म्हटलं.

“माझा चेडू म्हणता, जानेवारीत घराक येतलंय. तिचो व्हिसा मेलो, माझ्या हातसून मेलो. आणि घर रवाचा नाय, म्हाराजा. माझ्या चेडवाक मी कसा सांगू? आठ दिस झाले, त्वांडातून शब्द भायर पडत नाय. आज तुका सांगतंय. पत्तो इचारतस, पत्तो माझ्याकडे नाय. काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, नि माझ्या चेडवाच्या मनाक सांबाळ रे म्हाराजा.”

ह्यांनी डोळे उघडले, आणि तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं की मुलगी हातभर अंतरावर उभी आहे.

स्मृतीला मालवणी बोलता येत नाही. कळतं मात्र सगळं. दर रविवारी फोन लावून मोठ्या काकांशी बोलायला ह्यांनीच तिला बसवलं होतं.

“नोव्हेंबर?” ती म्हणाली. “हा नोव्हेंबर?”

ह्यांनी मान हलवली. फोडी अजून टाकल्याच नव्हत्या. त्या म्हातारीनं हळूच ह्यांच्या हातातून त्या काढून घेतल्या, ह्यांच्या दंडावर थोपटलं आणि आपली प्रार्थना करायला बसली.

देवळाबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही तिघं बसलो. मला वाटलं स्मृती चिडेल, भांडेल. माझी मुलगी आहे, तिला ते जमतं. पण ती हळू आवाजात एकेक विचारत गेली. व्हिसा परत होणार नाही? नाही. तुम्ही जायच्या आत मी दोन दिवस आले तर? कशावर येणार बाळा? मग पुढं कधी, टूरिस्ट व्हिसावर? हे म्हणाले, “टूरिस्ट म्हणून कदाचित येता येईल.” ती म्हणाली, “आणि राहू कुठं? हॉटेलमध्ये? जेद्दात?”

ह्यांनी खूप बळ एकवटून म्हटलं, “अगं, कुडाळचं घर आहे ना. केवढं बांधलंय. तुझी खोली आहे. जानेवारीत तिकडं ये. घरीच ये.”

“ते तुमचं घर आहे, बाबा,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. “छान आहे ते. मी येईन. पण ते तुमचं घर आहे.”

चोवीस वर्षं हा माणूस जिच्यासाठी सागवान आणि पितळ जमवत होता, तिचं घर त्यानं चादरींचे पडदे लावून भाड्यानं घेतलं होतं. आमच्यासारख्यांची सगळ्यांची चूक एकच असते, आणि ती कळते तेव्हा घरमालकाला किल्ली द्यायची वेळ झालेली असते. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, तो तिला दिला, आणि स्वतः शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी दोघांच्या मध्ये बसले होते, पण दोघांपैकी कुणालाच माझा काही उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी ती आम्हाला पुन्हा त्या कालवांच्या गाडीवर घेऊन गेली. बाईनं ह्यांना ओळखलं, कालवं भरपूर टाकली. ह्यांनी अर्धंच खाल्लं. उरलेलं स्मृतीनं संपवलं.

जेद्दाला परतलो ते बांधाबांध करायलाच. इकडून तिकडून लोक येत होते. काहींना ह्यांचा निरोप घ्यायचा होता, काहींना जाता जाता व्हिसाचं काम करून हवं होतं. हे तेही करत होते. सोफा एका केरळी कुटुंबानं नेला, टेबल आपांच्या लेकीनं. स्मृतीच्या खोलीतलं काय ठेवायचं, काय टाकायचं, हे फोनवर विचारत विचारत मी चार खोके भरले. तिचा पलंग शेवटपर्यंत कुणाला दिला नव्हता. तोही शेवटच्या दिवशी सकाळी गेला.

दुपारी निघायचं होतं. जुबेदा आपा खाली टॅक्सीपाशी डबा घेऊन उभ्या होत्या. स्मृतीचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ होती, लायब्ररीत बसली होती.

“बाबा, दार कोण लावणार?”

“मी.”

“मग फोन चालू ठेवा.”

ह्यांनी मोबाइल समोर धरला आणि आधी तिची खोली दाखवली, मग स्वयंपाकघर, मग गॅलरी. गॅलरीत दोरी तेवढी राहिली होती. प्रत्येक दारात हे जरा जास्त वेळ थांबत होते. मग बाहेर आलो. ह्यांनी दार ओढून घेतलं, किल्ली दोनदा फिरवली, आणि जिन्यात उभ्या असलेल्या घरमालकाच्या माणसाच्या हातात दिली. तो निरोपाचं “मा सलामा” म्हणाला आणि खाली गेला.

ह्यांनी फोन बंद करायला अंगठा पुढं केला.

“थांबा ना, बाबा, कट नका करू,” आतून स्मृतीचा आवाज आला. “हळू चला. मी पण आत्ताच निघतेय घरातून.”